हार घातलेली गाडी

आमच्या ह्यांच्या जिभेला हाड नाही, हे अख्ख्या मांजरी गावाला ठाऊक आहे. हात चांगला आहे, केलेलं काम परत येत नाही, पण तोंड उघडलं की समोरचं गिऱ्हाईक उठलंच म्हणून समजा.

आणि लोकांचंही मला एक कळत नाही. जुनी गाडी घ्यायची तर आधी मेकॅनिकला दाखवावी ना? नाही. आधी घ्यायची, देवळात न्यायची, बॉनेटवर झेंडूचा हार घालायचा, पुढे लिंबू-मिरची बांधायची, आणि मग सगळं खटलं मागे बसवून पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या दारात. "हिंमतराव, जरा नजर टाका की. कालच घेतली." ह्यांचं उत्तर ठरलेलं. "घेतली ना? मग मला कशाला दाखवता? अक्षता पडल्यावर कुणी पत्रिका जुळवतं का?"

बरं, एवढ्यावर थांबावं. तेही नाही. हातात पेढा तसाच धरून खाली वाकायचं, बॅटरी मारायची आणि एकेक वाचून दाखवायचं. ही पुढनं ठोकलेली हाय. हिचं मीटर मागं फिरवलंय. गिऱ्हाइकाच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी येतं, पोरं गप्प होतात, आणि ती माणसं पुन्हा आमच्या शेडकडे फिरकत नाहीत. हार घातलेल्या गाडीला नावं ठेवायची नसतात. बारशाला जाऊन बाळाचं नाक नकटं आहे म्हणतं का कुणी? ह्यांना किती वेळा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

आमचं गॅरेज म्हणजे सासऱ्यांच्या कांद्याच्या वावरातली रस्त्याकडेची उरलेली पट्टी. बाकीच्या वावरात आता टोलेजंग इमारती आहेत, त्यांच्या बाल्कनीतून आमच्या पत्र्यावर कबुतरांची घाण आणि कधीमधी पोरांचे चेंडू पडतात. वर पत्रा, खाली गाडी तपासायचा खड्डा, खड्ड्यात वैजनाथ. वैजनाथ आमचा फिटर, परभणीकडचा, घरचाच झालाय. स्पेअर आणणं, फोन घेणं, गिऱ्हाइकाला खुर्ची देणं आणि हे बोलले की मागून सारवासारव करणं, हे माझं खातं.

गेल्या काही वर्षांत तर ह्या धुराच्या नियमानं जीव नकोसा केलाय. नव्या डिझेल गाड्यांना खाली धुराचा फिल्टर असतो. काजळी त्यात अडकते, आणि गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग पळाली की ती आतल्या आत जळून जाते. आता मला सांगा, मांजरी ते खराडी गाडी सलग पळणार कुठे? रोज सकाळी माणूस पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हडपसर बघतो. काजळी साठते, दिवा लागतो, लोक त्या दिव्याकडे महिनाभर नुसते बघत बसतात. फिल्टर तुंबला की कंपनीच्या वर्कशॉपात जातात, तिथं नव्या फिल्टरचा आकडा ऐकतात आणि तडक आमच्याकडे येतात. "काढून टाका हो. डबा कापून आतनं पोकळ करा, कॉम्प्युटर लावून दिवा बंद करा. सगळे करतात."

हे दोघांनाही शिव्या घालतात. नियम करणाऱ्याला म्हणतात, "एकदा सकाळी नऊला मांजरीच्या रस्त्यावर येऊन क्लच दाब म्हणावं." फिल्टर काढायला आलेल्याला म्हणतात, "तुझ्या मागं स्कूटरवर कुणाची तरी आई असते." पलीकडच्या कोपऱ्यावर पीयूसीची व्हॅन उभी असते, तो माणूस गाडी न बघता, फोनवर आलेल्या फोटोवरून सर्टिफिकेट छापतो. दिल्लीत वय झालं म्हणून बाद केलेल्या गाड्या इकडे येतात आणि पुन्हा बाशिंग बांधून उभ्या राहतात. संध्याकाळी ओढ्याकडेला कचरा पेटवतात, त्याचा धूर आमच्या भाकरीवर बसतो, त्याला कुठली पीयूसी? कुणावर चिडावं तेच कळत नाही. शेवटी ह्यांनी पत्र्यावर पाटी लावली: 'येथे धुराचा फिल्टर काढून मिळणार नाही. हौस असल्यास धूर स्वतःच्या स्वयंपाकघरात सोडावा.'

लोक पाटीचा फोटो काढतात, हसतात, आणि शेजारच्या गॅरेजात जाऊन फिल्टर काढून घेतात.

तर ते पाडव्याचं. सकाळी गुढी उभारून आम्ही शेडमध्ये हत्यारांची पूजा करत होतो. पान्यांना हळदीकुंकू लावत होते मी, तेवढ्यात हॉर्न वाजला. पांढरी मोठी गाडी, बॉनेटवर हा एवढा हार. आतून उतरले आमचे व्याही तात्याराव, मागून जावई अभिनव आणि आमची पूर्वा. पूर्वा हिरव्या साडीत, तोंडभर हसत. शेवटी एक पोरगेला माणूस उतरला, डोळ्यांवर गॉगल, हातात फोन. त्याचं नाव ऋषी, वाघोलीच्या पलीकडे त्याचं जुन्या गाड्यांचं आवार आहे, गाडी त्याच्याकडूनच घेतलेली.

तात्यारावांचा मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा. बोलणं एक घाव दोन तुकडे. अभिनवची कंपनीतली नोकरी गेल्याला बरेच दिवस झाले होते, दुसरी मिळत नव्हती, पोरगा घरात बसून खंगत चालला होता. म्हणून ठरवलं, गाडी घ्यायची आणि खराडीच्या कंपन्यांच्या माणसांची ने-आण करायला लावायची. आम्हाला ह्यातलं अक्षर ठाऊक नव्हतं.

"सरप्राईज द्यायचं होतं, आई," अभिनव म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्याच्या तोंडावर तेज होतं.

ह्यांच्या कपाळावर आठी. घरात मेकॅनिक व्याही असताना विचारलं नाही, हे लागलंच त्यांना. "आधी आणायची हुती तात्या. नजर टाकली असती."

"मी टाकली की नजर! मुहूर्त टळत हुता," तात्याराव म्हणाले. "माझा जन्म मार्केट यार्डात गेलाय, हिंमतराव. ढिगात हात घातला की मला आतला कांदा कळतो. माल आपण बघायचा, आपण ठरवायचा, आणि एकदा उचलला की तक्रार नाय. आमच्याकडं बापजाद्यांपासनं हीच रीत हाय."

"वा, तात्या! एक नंबर!" ऋषी म्हणाला. तो फोनवर सगळं शूट करत होता.

हे गाडीच्या मागे गेले. मला त्यांची चाल कळते. मी कुंकवाची वाटी तशीच हातात घेऊन मागे धावले. ह्यांनी सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून बाहेर काढलं. बोट काळं कुळकुळीत, तव्याच्या बुडासारखं.

"फिल्टर काढलेला हाय," हे हळूच म्हणाले. "फिल्टर असता तर बोट कोरं आलं असतं. ह्या म्हाताऱ्याला पार..."

"गप," मी म्हटलं. "आज एक अक्षर बोलायचं नाय."

"अगं, पण पोराचं पोट हाय ह्या गाडीवर."

"पोरीचं घर हाय! सणाच्या दिवशी, सगळ्यांदेखत सासऱ्याला येडा ठरवणार का तुम्ही? माझी शपथ हाय. दोन दिवसांनी फोन करा, गोडीत सांगा."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, पूर्वाकडे बघितलं. ती गाडीच्या आरशात वाकून केस नीट करत होती. आणि आमचा हा माणूस जन्मात पहिल्यांदा गप्प बसला.

तेवढ्यात तात्यारावांनी हाक मारली. "हिंमतराव, या! नारळ तुमच्याच हातचा फुटला पायजे."

आता व्याह्यानं मान दिलेला नारळ नाही कसा म्हणणार? पाटीखाली, चाकापुढे, ह्यांनी नारळ फोडला. एका घावात दोन भकलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ऋषीनं ते सगळं फोनमध्ये घेतलं. ह्यांनी पेढाही खाल्ला, पण कसा खाल्ला ते मलाच माहीत. सगळे गेल्यावर किती तरी वेळ रॉकेलच्या फडक्यानं बोट पुसत बसले होते.

दोन दिवसांनी ह्यांनी फोन केलाही. तात्याराव म्हणाले, यार्डात लिलाव चाललाय, मग बोलू. पुन्हा केला तर म्हणाले, गाडी कशी मख्खन पळतीय, काय सांगू! "तात्या, एकदा आणून दावा," एवढंच हे म्हणू शकले. गोडीत बोलायची सवयच नाही हो ह्यांना. बोलायचं तर कुऱ्हाड, नाही तर मुकाटा.

चैत्र संपत आला. पत्रा असा तापायचा की वैजनाथ ओलं पोतं डोक्यावर घेऊन खड्ड्यात उतरायचा. एक दिवस वाघोलीचा एक माणूस गाडी घेऊन आला. मागून काळा धूर. म्हणाला, "तुम्ही पास केलेली गाडी आहे, तुम्हीच बघा आता."

"मी? मी कधी बघितली ही?"

"ऋषीनं सांगितलं. त्याच्याकडच्या गाड्या तुमच्याकडून पास होऊन येतात म्हणे."

ह्यांना वाटलं, माणूस गॅरेज चुकला. दोघांची जुंपली. तो माणूस जाता जाता म्हणाला, "पाटी लावायची एक आणि धंदा करायचा दुसरा." हे दिवसभर जेवले नाहीत.

त्याच आठवड्यात पूर्वाचा फोन आला. आवाज कोरडा. खराडीच्या गाड्या लावणाऱ्या ठेकेदारानं अभिनवची गाडी खालून बघितली आणि परत पाठवली. डबा आहे, डब्यात फिल्टर नाही. त्यांच्या कंपनीला असल्या गाड्या चालत नाहीत म्हणे. अभिनव पुन्हा घरात बसला.

"आई, पप्पांना कळलं नव्हतं का गं?" तिनं विचारलं.

"ते... सणाची गडबड हुती बाळा," असं काहीतरी मी बोलले. त्यानंतर तिचा फोन येईना. मी केला तर "कामात आहे" म्हणायची. शेवटी तिच्या नणंदेनं सांगितलं, घरात रोज एकच पारायण चाललंय. तुझ्या बापानं नारळ फोडला. एवढा मोठा मेकॅनिक, तुझ्या बापानं नारळ फोडला. ती भाकरी थापतानाही हेच ऐकते.

मग तात्याराव स्वतःच आले. खुर्ची दिली, ती घेतली नाही. पाणी दिलं, प्यायले नाहीत. कपाळावरनं घाम गळत होता, तो धोतराच्या सोग्यानं पुसत उभे राहिले.

"हिंमतराव, झालं गेलं. आता असं करा, डब्यात कायतरी जाळीबिळी घाला, वरनं वेल्डिंग मारा. ती खोटी चिप मिळती म्हणं, ती बसवा. बघणाऱ्याला फिल्टर दिसला म्हंजे झालं."

ह्यांनी वर बोट केलं. "पाटी वाचता येती ना तात्या?"

"पाटी गिऱ्हाइकाला. मी व्याही हाय."

"धुराला व्याही कळत नाय. नवा फिल्टर बसवायचा, नाय तर गाडी उभी करायची. तिसरं मला येत नाय."

"अस्सं!" तात्याराव लाल झाले. "तुम्हाला मेकॅनिक कोण म्हणतंय? एवढा मोठा फिल्टर नाय, ते तुमच्या ध्यानात आलं नाय? आम्ही तुमच्या हातनं नारळ का फोडून घेतला? बाकी कुणी नव्हतं? तुम्ही फोडला म्हंजे तुम्ही गाडीला हां म्हटलं. पोरगं घरात बसलंय माझं!"

खड्ड्यातून वैजनाथनं डोकं वर काढलं आणि पुन्हा खाली घेतलं. आमच्या ह्यांना आपल्याला काम येत नाही हे ऐकावं लागलं, तेही स्वतःच्या शेडमध्ये. मला वाटलं आता हे सांगून टाकतील. पण माझी शपथ ना! मान खाली घालून पाना पुसत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "ऋषीकडं जाऊ. गाडी परत घे म्हणू. मी येतो संगं."

अक्षय तृतीयेला यार्डातनं सवड काढून तात्याराव त्याच गाडीतून आले. मीही निघाले. मी नसते गेले तर ह्या दोघांत रस्त्यातच मारामारी झाली असती.

ऋषीचं आवार म्हणजे पत्र्याचं कुंपण, आत ओळीनं धुऊन पुसून ठेवलेल्या गाड्या आणि त्या दिवशी सणाची जत्रा. चार-पाच गाड्यांना हार चढलेले. नारळांचं पोतंच आणून ठेवलेलं. ऊन असं की पायाखालची खडी चटके देत होती. आम्हाला बघून ऋषी हसत आला.

"या या, तात्या! अरे, हिंमतकाका पण! थंड काही मागवू?"

"थंड नको. गाडी परत घे," तात्याराव म्हणाले. "फिल्टर काढलेली गाडी गळ्यात मारलीस."

"मारली कुठे? तुम्ही बघून घेतली. माल उचलला की तक्रार नाही, हे मी नाही, तुम्हीच बोललात." आणि त्यानं फोन पुढे केला. "हे बघा, रेकॉर्डच आहे. रील टाकली होती मी. काय चालली माहितीये! एवढ्यावर तीन-चार गाड्या गेल्या माझ्या."

आम्ही तिघं त्या फोनवर वाकलो. आमचीच शेड. आमची पाटी. तात्याराव छाती पुढे काढून तेच वाक्य बोलत होते. मग हे, हातात नारळ. खाली अक्षरं सरकत होती: 'फिल्टर काढून न देणाऱ्या मेकॅनिकची पसंती!' वर सनईचा आवाज घातला होता. त्या वाघोलीच्या माणसाचा राग मला आत्ता कळला. ह्यांच्या कपाळावरची शीर उडायला लागली.

"थांबव," तात्याराव एकदम म्हणाले. "मागं घे. हां, हितं."

पडद्यावर ह्यांचा हात मोठा दिसत होता. नारळाभोवतीची बोटं. त्यातलं एक बोट काळं, आणि नारळाच्या शेंडीखाली काळा डाग.

तात्यारावांनी बोटाकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. "म्हंजे तुम्ही बोट घातलं हुतं. नारळ फोडायच्या आधी."

ह्यांनी बोट मुठीत मिटलं.

"तुम्हाला ठावं हुतं! मी म्हणतोय ह्या माणसाला काम येत नाय. पण तुम्हाला ठावं हुतं, आणि तुम्ही माझ्या पोराच्या गाडीपुढं नारळ फोडला?"

"तात्या..."

"शत्रूसुदिक असं करत नाय, हिंमतराव."

मला राहवलं नाही. "त्यांनी नाय, मी केलं ते," मी म्हटलं. आवाज चिरकला माझा. "ते बोलायला निघाले हुते. मी शपथ घातली. सणासुदीला तुमचा अपमान नको, माझ्या पोरीला सासरी बोलणी बसायला नकोत, म्हणून मी त्यांचं तोंड धरलं. आणि बसलीच ना बोलणी? रोज बसतात! काय शिव्या द्यायच्या त्या मला द्या."

तात्यारावांनी तोंड फिरवलं. माझ्याशी बोलायलाही त्यांना नको झालं होतं. ऋषी मध्येच म्हणाला, "काकू, फॅमिली मॅटर घरी घ्या ना, प्लीज. सणाचे कस्टमर आहेत."

आणि खरंच कस्टमर आले होते. शेजारच्याच करड्या गाडीला एक बाई हळदीकुंकू लावत होती. तिचा नवरा, तिची सासू. नवऱ्याचं लक्ष ह्यांच्याकडे गेलं आणि तो हरखलाच. "अहो, तुम्ही रीलमधले ना? ते पाटीवाले? आई, हेच ते! अहो, तुमचं बघूनच आम्ही इथं आलो. आता नारळ तुमच्याच हातचा!" असं म्हणून त्यानं नारळ ह्यांच्या हातात ठेवलासुद्धा.

ह्यांनी नारळ माझ्या हातात दिला. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "शपथ सुटली. बोला."

ह्यांच्या अंगात सणाचा पांढरा सदरा होता, मीच इस्त्री केलेला. तसेच त्या तापलेल्या खडीवर उताणे पडले आणि गाडीखाली सरकले. हार लोंबत होता, त्याच्या झेंडूच्या पाकळ्या ह्यांच्या पोटावर पडत होत्या. खालून बाहेर आले, मागे गेले, सायलेन्सरमध्ये बोट घातलं आणि त्या माणसापुढे धरलं.

"डबा कापून परत शिवलाय. आत काय नाय. पैसे दिले असतील तर मागून घ्या, नसतील दिले तर नशीब समजा."

शिवी दिली नाही, टोमणा मारला नाही. जन्मात एवढं साधं बोलले नव्हते.

त्या माणसाचं तोंड उतरलं. ऋषीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. तिचा हात कुंकवाच्या वाटीत तसाच राहिलेला. मला वाटलं, आता हा ऋषीची गचांडी धरणार. पण तो ह्यांच्यावरच ओरडला. "काय माणूस आहात हो तुम्ही? हे आत्ता सांगायचं असतं? हार घातल्यावर?"

"मी आत्ताच बघितली."

"मग बघायची नव्हती! नारळ फोडायला सांगितला होता. बघायला कुणी सांगितलं होतं?"

म्हातारी पुढे आली. "लक्ष्मीला काळं बोट दाखवतोय मेला," असं म्हणून माझ्या हातातला नारळ हिसकावला आणि तिनंच दगडावर आपटला. पहिल्यांदा फुटला नाही. पुन्हा आपटला. पाणी तिच्या पायावर सांडलं. सगळी गाडीत बसली. सुनेनं काचेतून एकदा आमच्याकडे बघितलं, तिला कळलं होतं सगळं. पण नवऱ्यानं गिअर टाकला आणि गाडी काळा फुत्कार सोडून फाटकाबाहेर गेली.

ऋषीला राग आला नाही. तो हसलाच. "बघितलं, काका? तुम्ही मला नावं ठेवता. पण कस्टमरलाच नको असतं." आणि तो दुसऱ्या हाराच्या गाडीकडे गेला.

आम्ही परत निघालो. तात्याराव गाडी चालवत होते, हे शेजारी, मी मागे. सदऱ्याच्या पाठीवर सगळं ग्रीस. खराडीच्या चौकात गर्दीत अडकलो. एसी लावला तरी काचेतून ऊन भाजत होतं. मला रडू येत होतं आणि चीडही. त्या ऋषीची चीड, त्या म्हातारीची, नियम करणाऱ्यांची, माझी स्वतःची. एवढी बोलणी खाऊन हातात काय आलं?

तात्याराव समोर बघतच म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही बोलला असता, तर मीबी हेच केलं असतं."

समोरची रिक्षा हलली, तेवढी गाडी त्यांनी पुढे घेतली.

"दुसऱ्या कुणाला तरी नारळ दिला असता. आणि तुमच्या दारात परत पाय ठेवला नसता. त्या म्हातारीत मला मीच दिसलो, वो."

मी मागून म्हटलं, "तात्या, हे आम्हाला सांगून काय उपेग? माझ्या पोरीला सांगा. तिनं काय नारळ फोडला हुता?"

मग त्यांनी खिशातून फोन काढला, ह्यांच्या हातात दिला. "लावा. मोठ्यानं ऐकू येईल असा लावा."

पूर्वानं उचलला. "हां, तात्या?"

"पूर्वा... ते गाडीचं..." यार्डात शंभर माणसांत भाव पुकारणारा माणूस, पण घसा साफ करावा लागला त्यांना. "तुझ्या वडलांचा दोष नाय. तुझ्या आईचाबी नाय. माल मी बघितला, मी उचलला. माझी तक्रार नाय."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं, पूर्वा रडतेय. पण नाही.

"तात्या, फोनवर नको," ती म्हणाली. "रात्री जेवायला सगळे बसतील तेव्हा हेच बोला. सगळ्यांसमोर मला बोलणी बसलीत. हेही सगळ्यांसमोर होऊ दे."

तात्यारावांनी आ वासला. मग हळूच म्हणाले, "बरं. बोलतो." फोन बंद झाल्यावर ह्यांच्याकडे वळले. "पोरगी तुमच्यावर गेलीय, हिंमतराव. तोंड काय ते!"

"मग?" हे म्हणाले. "तुम्हीच बघून नेलीय. माल उचलला की तक्रार नाय."

"माझ्या पोरीला माल म्हणता?" मी मागून ह्यांच्या ग्रीसच्या पाठीत धपाटा घातला. तात्याराव हसले. हे पण हसले. मला हसू आणि रडू एकदमच फुटलं, पदर कुठे लावू कळेना.

"नवा फिल्टर मागवा," तात्याराव डोळे पुसत म्हणाले. "काय लागंल ते लागंल. तवर अभिनव त्या ठेकेदाराची गाडी चालवील. लाज कसली?"

"मागवतो. पण तो बसेपर्यंत ही गाडी माझ्या शेडमधनं हलायची नाय. आज नेतोय तेवढीच."

"बरं, बाबा. आज तेवढीच."

सिग्नल सुटला. तात्यारावांनी गाडी दामटली. मी मागच्या काचेतून बघितलं, काळा लोट उठला होता, आणि त्यात मागच्या स्कूटरवरची बाई एका हातानं ओढणी तोंडावर ओढत होती.